बिलारंगची फायनल

"आणि त्यांची नावं?" आंटी डल्सींनी विचारलं.

यशोधन पेठे बोलता बोलता थांबला.

"कुणाची?"

"खेळणाऱ्यांची."

यशोधन मूळचा मिरजेचा. बावीस वर्षांपूर्वी तो ऑस्ट्रेलियात शिकायला गेला आणि तिथल्याच एका विद्यापीठात इतिहास शिकवू लागला. तिकडचा फुटबॉल वेगळा. अंडाकृती चेंडू, तो हातात धरूनही पळायचं आणि लाथेनंही मारायचा, एकेका बाजूला अठरा माणसं. त्याला त्या खेळाचं वेड लागलं. गावोगावच्या चार क्लबांचे इतिहास त्यानं लिहिले. कागदाचा पुरावा नाही असं एक वाक्यही त्या चार पुस्तकांत नव्हतं, आणि हे तो स्वतःच लोकांना सांगत असे.

पाचवं काम बिलारंग क्लबचं होतं.

बिलारंग ही नदीकाठची जुनी आदिवासी वसाहत. तिथल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी हा क्लब काढला. तेव्हा वसाहतीवर सरकारी मॅनेजर असायचा, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर त्याची चिठ्ठी लागायची. बाहेरगावी सामना असला की अठरा चिठ्ठ्या.

आंटी डल्सी मॉर्टन पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या. तिकडच्या आदिवासी समाजात थोरांना आंटी, अंकल म्हणतात, नातं असो नसो. क्लबच्या जर्सी गेली चाळीस वर्षं त्याच धूत. जुनं काही विचारायचं झालं की सगळे त्यांच्या घराकडे बोट दाखवत.

पण यशोधन विचारायला आला नव्हता. तो सांगायला आला होता.

१९४६ साली बिलारंगचा संघ जिल्हा लीगच्या फायनलला पोचला होता. समोर केंटनव्हेल गावाचा संघ. लीगच्या वहीत त्या दिवसाच्या तीन ओळी होत्या. बिलारंग हजर झालं नाही. सामना झाला नाही. विजेते केंटनव्हेल. त्या तीन ओळींवरून गावात अठ्ठ्याहत्तर वर्षं काय काय बोललं गेलं. दारू पिऊन पडले असतील. घाबरले असतील. ती माणसं तशीच.

आणि यशोधनला सरकारी दफ्तरात एक पत्र सापडलं. मॅनेजरनं स्वतः लिहिलेलं. गावातल्या मंडळींची इच्छा ध्यानात घेऊन शनिवारी कुणालाही चिठ्ठी दिलेली नाही, फाटकाला कुलूप घातलं आहे.

हे पत्र त्यानं लीगला दाखवलं. आताची मंडळी भली होती, वरमली. त्या दिवशी वसाहतीत असलेल्या कुणीतरी निवेदनावर सही केली तर निकाल बदलू, असं म्हणाली. असं एकच माणूस हयात होतं. निवेदन यशोधननं टाइप करूनच आणलं होतं.

हे सगळं त्यानं आंटींना अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. त्या जर्सी वाळत घालत होत्या. त्यांनी चिमट्यांची टोपली त्याच्या हातात दिली होती, आणि बोलता बोलता तो एकेक चिमटा पुढे करत होता.

त्या आनंदून जातील अशी त्याची अपेक्षा होती. त्यांनी नावं विचारली.

पत्रात नावं नाहीत, तो म्हणाला. लीगच्या वहीतही नाहीत. सगळीकडे नुसतं 'वसाहतीचा संघ' एवढंच आहे.

आंटींनी शेवटची जर्सी झटकली, दोरीवर टाकली.

"मग घेऊन ये."

लीगची बैठक तीन महिन्यांवर होती. सही आज मिळाली तर बरं, असं तो दोनदा म्हणाला. आंटी रिकामी टोपली घेऊन आत गेल्या.

परतताना त्याला राग आला होता. नावं गोळा करणं म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या पानांचं काम. एखाद्या विद्यार्थ्याला सांगितलं तरी चालेल असं. पण सहीवाचून गाडं अडलं होतं, म्हणून तो निघाला.

वसाहत मोडून माणसं कधीच पांगली होती. दर शनिवार-रविवार तो कुठल्या ना कुठल्या गावात असे. एका घरी साठीच्या गृहस्थानं पत्र्याच्या डब्यातून आजोबांचं लढाईतलं पदक काढून दाखवलं. आजोबा दोन वर्षं देशासाठी परमुलखात लढले, आणि घरी आल्यावर नदीपलीकडे बहिणीकडे जायलाही त्यांना चिठ्ठी लागायची. एका बाईंनी सांगितलं, आमचे आजोबा चेंडू झेलायला एवढे उंच उडायचे की खालचा माणूस त्यांच्या बुटांचे तळवे बघायचा. फायनलबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

एका दारात त्याला आतही घेतलं नाही.

"लिहून घ्यायला पुष्कळ येऊन गेले," दारातली म्हातारी म्हणाली आणि तिनं जाळीचं दार लावलं.

पुढच्या आठवड्यात तो परत गेला. का गेला, ते त्यालाही नीट सांगता येत नाही. वही गाडीतच ठेवली होती. म्हातारीनं या वेळी चहा दिला. तासभर तिच्या गुडघ्यांविषयी आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांविषयी बोलणं झालं. तो उठला तेव्हा ती म्हणाली, माझ्या वडिलांचं नाव लेन. लेनर्ड क्रोथर. लिहून घ्या.

त्याच्या खिशात पेन नव्हतं. गाडीपर्यंत तो ते नाव मोठ्यानं म्हणत गेला.

अडीच महिन्यांनी तो पुन्हा आंटींच्या अंगणात उभा राहिला. आंटींनी त्याला बाकावर बसवलं आणि नावं वाचायला सांगितली.

तो वाचू लागला. एकेका नावानंतर आंटी काहीतरी बोलायच्या. हा डावखुरा. हा गाणं छान म्हणायचा. ह्यानं माझ्या मावशीला नकार दिला आणि जन्मभर पस्तावला. हे माझे वडील.

सतराव्या नावावर यादी संपली.

"अठरावा?"

यशोधननं मान हलवली. सगळ्यांनी एवढंच सांगितलं होतं की नदीच्या वरच्या अंगाकडून आलेला एक पोरगेला खेळाडू होता. त्याच्या घरच्यांना त्याच वर्षी सरकारनं दुसरीकडे हलवलं. नाव कुणालाच आठवत नव्हतं. तुम्हाला आठवत असेल, असं त्याला वाटत होतं.



"नाही आठवत," आंटी म्हणाल्या. "त्याची ओळ कोरी सोड."

मग त्यांनी निवेदन मागितलं. चष्मा लावला. बोट ठेवून सावकाश वाचलं. दोनच वाक्यं होती. फाटकाला कुलूप असल्यामुळे संघ बाहेर पडू शकला नाही. म्हणून त्या दिवशी अंतिम सामना झाला नाही.

त्यांनी त्याचं पेन घेतलं आणि शेवटचा शब्द खोडला.

खाली सही केली.

यशोधननं कागद हातात घेतला. वाक्य आता असं होतं. म्हणून त्या दिवशी अंतिम सामना झाला.

आंटींचा हात चुकला असेल असं त्याला वाटलं. त्यानं हळूच विचारलं.

चूक नाही, आंटी म्हणाल्या. फाटक उघडत नाही म्हटल्यावर माणसं तासभर तिथेच बसून राहिली, बुटांच्या नाड्या बांधलेल्या तशाच. मग माझे वडील उठले. अठरा जणांचे त्यांनी नऊ-नऊ केले. फाटकाच्या आत, गाईंच्या कुरणात, ज्या वेळेला फायनल सुरू व्हायची त्याच वेळेला खेळ सुरू झाला. पूर्ण चार डाव.

हे कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याच वेळी त्याला बैठक दिसू लागली. सामना झाला नाही, यावर तर त्याची सगळी बाजू उभी होती. सामना झाला म्हटलं की लीगवाले म्हणतील, आपसात खेळलात, त्याला फायनल कोण म्हणणार? निकाल आहे तसाच राहील. हे त्यानं आंटींना जमेल तितक्या नरमाईनं समजावलं. हवं तर नवा कागद आणतो, म्हणाला.

"माझे वडील त्या दिवशी खेळले," आंटी म्हणाल्या. "खेळले नाहीत यावर मी सही करू?"

त्यानं नवा कागद आणला नाही.

बैठकीत अध्यक्षांनी निवेदन वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्म्यावरून यशोधनकडे पाहिलं. यशोधननं त्यांना कुरणातली गोष्ट सांगितली. मग सतरा नावं वाचली आणि अठराव्या नावाच्या जागी तेवढाच वेळ थांबला. केंटनव्हेलचा प्रतिनिधी म्हणून एक वयस्कर डेअरीवाला बसला होता. त्याचा बाप त्या फायनलमध्ये न खेळताच विजेता झाला होता. तो म्हणाला, बाबांनी तो कप घरात कधी दिसू दिला नाही, आम्हाला वाटायचं त्यांना खेळाचं प्रेमच नाही.



शेवटी अध्यक्षांनी विचारलं, तो कुरणातला सामना जिंकला कुणी?

यशोधनला माहीत नव्हतं. तसं त्यानं सांगितलं. बैठकीत असं सांगायची त्याची ही पहिलीच वेळ.

लीगनं १९४६चा कप दोन्ही क्लबांच्या नावे केला. वहीत त्या तीन ओळींखाली सतरा नावं आणि एक कोरी ओळ घातली. आंटींना निरोप गेला. त्यांनी मान डोलावली आणि जर्सी मोजायला घेतल्या, असं क्लबच्या चिटणिसानं फोनवर सांगितलं.

पुस्तकाचं ते प्रकरण मात्र पुरं होत नव्हतं. निकाल नसलेला सामना यशोधननं आजवर लिहिला नव्हता. एका सोमवारी दुपारी तो पुन्हा गेला. आंटी व्हरांड्यात पाय पसरून बसल्या होत्या. त्याच्या पिशवीत या वेळी कुठलाच कागद नव्हता.

"आंटी, जिंकलं कोण?"

आंटी हसल्या. आता विचारतोस, असं काहीसं म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं.

त्या खेळात दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की गोल, सहा गुण. खांबाला नुसता लागला तर एकच गुण. खांबांच्या मागे पंच उभा असतो. गोल झाला तर तो दोन पांढरे झेंडे हलवतो, एक गुण असेल तर एक. त्या दिवशी सगळे पुरुष खेळत होते किंवा रुसून बसले होते. एका टोकाला आजी पंच झाली. दुसऱ्या टोकाला सात वर्षांची डल्सी. वडिलांनी मैद्याच्या पोत्याचे दोन तुकडे काठ्यांना बांधून तिच्या हातात दिले.

शेवटच्या मिनिटाला वडिलांचा संघ पाच गुणांनी पुढे होता. चेंडू व्हर्न काकाच्या हातात आला. तोच तो, पदकवाला. लढाईत त्याचा पाय अधू झाला होता. फाटकापलीकडे मॅनेजर हाताची घडी घालून बघत होता.

व्हर्न काकानं चेंडू मारला.

"खांबाला लागला," आंटी म्हणाल्या. "ठक्क. सगळ्यांनी ऐकलं. मॅनेजरनंसुद्धा ऐकलं असेल."

"आणि तुम्ही...?"

"मी व्हर्न काकाकडे बघितलं. आणि दोन्ही झेंडे वर केले."



वडिलांचा संघ त्यामुळे एका गुणानं हरला, आंटी सांगत होत्या. कुणी हरकत घेतली नाही. सतरा माणसं जागच्या जागी उभी. वडील चालत माझ्याकडे आले. मला वाटलं, आता मार बसणार. ते वाकले, माझ्या कानाशी आले.

"जोरात हलव, म्हणाले."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत दोघंही तिकडे बघत राहिले...

मग यशोधननं विचारलं. चेंडू खांबाला लागला, म्हणजे खरं तर तुमचे वडील जिंकले. झेंडे दोन, म्हणजे व्हर्न काका. पुस्तकात त्याला एकच निकाल देता येणार होता.

"काय लिहू?"

आंटींनी डोळे मिटले.

"ठक्क आवाज झाला, ते लिही," त्या म्हणाल्या. "आणि दोन झेंडे वर गेले, ते लिही."