बोरदरीचा रिकामा प्याला

बोरदरीच्या देवळात प्रभुभोजनाच्या रविवारी आधी भाकर मोडतात, वाटतात, आणि मग प्याला फिरतो. पितळी, कल्हईचा, दोन कानांचा. डाव्या बाकांवरून उजव्या बाकांवर हातोहात जातो आणि त्यात थेंबसुद्धा नसतो. नव्या पाहुण्याला वाटतं, आपल्यापर्यंत येईतो संपला. संपला नाही हो, भरलाच नव्हता.

दुसऱ्या गावांत आता बोटाएवढे काचेचे पेले आले आहेत. इथं अजून हाच. विचारलं की मंडळीतले लोक डोळे मिटून सांगतात, पटकीत गेलेल्यांची ही आठवण. ऐकायला गोड आहे. पण खरी गोष्ट ठकूबाईची, आणि ती गोड नाही. ऐकायची असेल तर नीट बसा.

ठकूबाई ही इथली बायबलबाई. घरोघर जाऊन बायांना वचनं शिकवायची, बाळंतिणीच्या उशाशी बसायची, कुणी मेलं तर पहिली हजर. नवरा लवकर वारला. एकच मुलगी, मार्था, ती गावातच दिलेली, मंडळीचा पंच हरिबा याची सून म्हणून.

त्या काळी बोरदरीत ख्रिस्ती झालेली माणसं दोन वाड्यांतली. वरचा महारवाडा, खालचा मांगवाडा. गावाची विहीर दोघांनाही बंद. बाप्तिस्मा दोघांचा एकाच दिवशी झाला असं सांगतात, गाणी एकाच पेटीवर म्हणायचे. पण वरच्यांचा स्वतःचा आड होता, खालचे ओढ्याचं पाणी प्यायचे, आणि वरचे खालच्यांच्या हातचं घ्यायचे नाहीत. कुणाला नावं ठेवणार? सासूचा जाच सोसलेली सूनच पुढं सासू होते. म्हणून देवळात खालचे डाव्या बाकांवर, वरचे उजव्या, आणि प्याले दोन होते.

ठकूबाईला हे सलायचं. ती स्वतः वरच्या वाड्यातली, पण सात वर्षं तिनं दोन्हीकडचे उंबरे झिजवले. "आरं, गावानं आपल्याला वरून ओंजळीत पाणी ओतलं म्हणून आपण हितं आलो," ती म्हणायची. "हितंबी दोन प्याले ठेवायचे, तर मग बाटलो कशाला?" माणसं चिडायची. तिला वेडी म्हणून झालं, खालच्यांना फितूर म्हणून झालं. शेवटी तिचं पटलं की तिला कंटाळले, देव जाणे, पण सातव्या वर्षी दोन्ही वाडे एका प्याल्याला हो म्हणाले. जुन्या प्याल्यांतला एक मोडीत काढला. ठकूबाईचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते, म्हणे.

आणि त्याच पंधरवड्यात तालुक्याला पटकी लागली. दवाखान्यातल्या मडमेचा निरोप आला, उकळल्याशिवाय पाणी ओठाला लावू नका. ठकूबाईनं तो दारोदार सांगितला, सांगून सांगून घसा बसवून घेतला. दोन्ही वाड्यांत पाणी उकळून प्यायला लागले. बोरदरीत एका माणसालाही लागण झाली नाही.

आता प्रभुभोजनाचा रस म्हणजे काय, तर मनुका पाण्यात भिजवायच्या, कुसकरायच्या, गाळायच्या. शनिवारी दुपारी देवळाच्या ओट्यावर प्रश्न पडला की मनुका कुणाच्या पाण्यात भिजवायच्या? ठकूबाईनं तोड काढली, एक तांब्या आडाचा, एक ओढ्याचा.

"चालतंय," वरच्या वाड्याचा हरिबा म्हणाला. "पर उकळून घ्या, इहिनबाई. म्हंजी त्यांचं काय आसंल ते जळून जाईल." आणि हसला. तो पटकीबद्दल बोलत नव्हता हे ओट्यावरच्या पोरासोरांनाही कळलं.

खालच्या वाड्याचा म्होरक्या लहानू. शांत माणूस. तो उठला आणि म्हणाला, "आक्का, घरी आमी उकळतो ते पटकीपायी. हितं उकळशील ते आमच्यापायी. मग ऱ्हाऊ दे तुझा प्याला."

"बसा दोघं," ठकूबाई म्हणाली. "मी बघते काय करायचं ते." तिनं सगळ्यांना घरी लावून दिलं आणि दोन्ही तांबे घेऊन एकटी बसली.

तिनं नाही उकळलं. जिनं गावभर निरोप दिला, तिनंच नाही उकळलं. सात वर्षांनी जुळलेलं एका जाळापायी मोडेल या भीतीनं तिनं दोन्ही तांबे तसेच मनुकांवर ओतले. गावात कुणी आजारी नाही, प्रभूच्या नावानं कालवलेल्या पाण्यात काय व्हायचंय, असं तिच्या मनानं घेतलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला कोसभरावर बाजारचे गाडीवान उतरले होते, त्यातला एक पटकीनं मेला होता आणि त्याचे कपडे ओढ्यात धुतले होते, हे तिला कोण सांगणार?

रविवारी पहिला घोट लहानूनं घेतला. त्याच्या हातातला प्याला वरच्यांच्या बाकाकडे आला. हरिबा पाणी उकळलंय असंच धरून चालला होता, तरी लहानूच्या तोंडचा प्याला पाहून त्याचा हात उठेना. त्याच्या बाजूच्या आठ-दहा जणांनीही हात मागे घेतले. मार्था त्याच बाकांवर होती. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पुढं होऊन प्याला घेतला. तिच्या मागून मग बाकीचे उठले. दारापाशी ठकूबाई उभी होती, तिच्यापर्यंत प्याला आला तेव्हा तो कोरडा होता. तिनं उलटा करून पाहिला, आणि माझ्यापुरतंही ठेवलं नाही मेल्यांनी, म्हणून हसता हसता रडली.

सोमवारी सांजेला लहानूला जुलाब सुरू झाले. मंगळवारी मार्थाला. तिची जीभ कोरडी पडली, ती सारखी पाणी मागत होती, आणि ठकूबाई उकळलेल्या पाण्याच्या भांड्याला पदरानं वारा घालत होती. "निवूदे गं बाय, जरा निवूदे." पाणी निवायच्या आत मार्था गेली.

नऊ दिवसांत सोळा माणसं गेली, त्यात लहानूही. सगळी प्यालेलीच. हरिबा आणि त्याच्या बाजूचे ठणठणीत. मग बोलणं सुरू झालं, आधी हळू, मग उघड, की देवानं दाखवून दिलं. कालवू नये ते कालवलं की असंच व्हायचं.

ठकूबाई गप्प राहिली असती तर तिच्यावर काही आलं नसतं. पण प्याल्यावर बोल आला, तो तिला सोसवेना. त्यानंतरच्या रविवारी ती मंडळीपुढं उभी राहिली.

"एकत्र प्याले म्हणून न्हाई मेले. पाणी मी उकळलं न्हवतं. माझ्या हातानं मेले, माझी मार्थाबी. मला काय करायचं ते करा, पर प्याल्याला बोल लावू नका."

तिला वाटलं होतं, दगड मारतील, वाळीत टाकतील, आणि मग निदान प्याला सुटेल. हरिबा सावकाश उठला. घरातली सून गेलेली, त्याचाही चेहरा उतरलेला होता. तो एवढंच म्हणाला, "म्हंजी पाणी त्यांचंच."

लहानूची बायको कोंडाबाई ताडकन उभी राहिली. "आमच्या पाण्याचं नाव घ्यायलाच उभी ऱ्हायलीस व्हय गं? आडाचं न्हवतं का त्यात?"

झालं. दोन्ही बाजूंची माणसं उठून निघून गेली. कुणी ठकूबाईला शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, तेवढं तरी तिला कुणी दिलं असतं.

महिन्यानं प्रभुभोजन आलं. या खेपेला तिनं ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रस उकळला. प्याला काठोकाठ भरून निघाला, दोन्हीकडच्या बाकांवरून फिरला आणि काठोकाठ परत आला. माणसांनी तो इतका जपून पुढं दिला की थेंब सांडला नाही. ठकूबाईनं तो दाराबाहेर ओतला.

"आता दोन्ही वाडे मिळून भर म्हणाल, त्या दिवशी भरीन," ती म्हणाली आणि रिकामा प्याला बाकांवर फिरवला. त्यानंतर बावीस वर्षं ती जगली. दर प्रभुभोजनाला पदरात मनुका बांधून यायची आणि तशाच घरी न्यायची, असं सांगतात.

आता दोन्ही वाड्यांना एकाच टाकीचं नळाचं पाणी येतं. बदली होऊन नवे पाळकसाहेब येतात, प्याला पाहून त्यांना वाईट वाटतं, आणि ते विचारतात, भरू या का? आजही डाव्या बाकांवरून उत्तर येतं, "आमची काही ना नाही, साहेब. आधी त्यांना विचारा." मग ते उजवीकडे वळतात, आणि तिथंही हेच उत्तर मिळतं, शब्दाला शब्द.