ममदू सारंगाची गाठ

आगबोटींच्या जमान्यात शिरवट बंदरात ममदू नावाचा सारंग होऊन गेला. खलाशांचा हा मुकादम भलता संशयी. घरच्या विहिरीचं पाणीसुद्धा तो आधी मांजराला पाजायचा आणि मग स्वतः प्यायचा, असं म्हणतात.

मोठी लढाई पेटली. त्याच्या मालबोटीवर प्रत्येकाला सावरीच्या कापसाचं जाकीट मिळालं. बोट बुडाली तर त्यावर तरंगायचं. ममदूला वाटलं, स्टोअरवाला साहेब चांगली जाकिटं दडवतो आणि कुजकी आपल्या माथी मारतो. शिवाय आपलं जाकीट कुणी बदललं तर? त्याने आपल्या जाकिटाला लाल दोरा बांधला आणि तीन महिने ते उशाशी घेऊन झोपला.

तरी जिवाला चैन पडेना. एके दिवशी भर दुपारी त्याने डेकवर पिंप भरलं आणि एकेका जाकिटाला लोखंड बांधून पाण्यात सोडलं.

"सारंगचाचा, जाकिटं धुताय की बाटवताय?" लाडू खारवी हसला.

"तुझं बुडालं की हस."

पस्तीस तरंगली. पाच तळाला गेली.

"बघा! मी म्हणत नव्हतो, तो साहेब चोर आहे?"

लाडूने पाचवं जाकीट वर काढलं. त्याला लाल दोरा होता.

"चाचा, हे तर तुमचं. बाकीची चारही उशाला घेणाऱ्यांचीच."

ममदूने शिवण उसवली. कापूस अस्सल होता, पण डोक्याच्या भाराने दबून त्याची भाकरी झाली होती. तो ज्याला चोर म्हणाला होता त्याच्याच दारात गेला. साहेबाकडे चारच नवी जाकिटं शिल्लक होती. ती ममदूने त्या चौघांना दिली.

"आणि तुम्हाला?" लाडूने विचारलं.

"माझ्या डोक्याने बुडवलं, माझ्याच गळ्यात राहू दे."

आठव्या दिवशी पहाटे शत्रूच्या पाणबुडीचा पाणतीर लागला. बोट गेली. एकोणचाळीस जण तरंगले, ममदू दिसला नाही. पण लाटांमध्ये हातपाय मारताना प्रत्येकाच्या पाठीवरचा बंद कुणीतरी मागून करकचून आवळला, असं म्हणतात. लाडू तर शपथेवर सांगायचा, "दोनदा आवळला. माझ्यावर भरवसाच नव्हता चाचाचा."

अजूनही शिरवटात जाकीट कुणी उशाला घेत नाही. बोटीवर निघण्याआधी प्रत्येक जाकीट धक्क्यावरच्या टाकीत सकाळपासून दुपारपर्यंत सोडून ठेवतात. तरंगलं तरच ते अंगावर चढतं. मग खलाशी समुद्राकडे तोंड करून रांगेत उभे राहतात आणि मागून कुणीतरी बंद आवळतं.

कुणी आवळला, ते वळून बघायचं नाही.