बूट तेवढे बाहेर

कोळशाच्या खाणीतली आग जमिनीखालून सरकत पिपरडोह गावापर्यंत आली होती. परवाच गावातला एक गोठा बैलासकट खचला, तेव्हापासून गावाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तरी खाणीचे मोठे साहेब त्याच गोठ्याशेजारच्या घराच्या अंगणात उभे राहून म्हणाले, "गावाखाली आगबिग काही नाही. गाव हलणार नाही."

त्या घरची नवी सून मंजिरी दारातून ऐकत होती. पदर सावरत ती म्हणाली, "आत चहा घ्या, साहेब. बूट तेवढे बाहेर काढा, आत देव आहेत."

साहेब आत आले आणि फरशीवर पाय टेकताच नाचू लागले.

मंजिरीने कप त्यांच्यापुढे फरशीवरच ठेवला. "सावकाश बसा, साहेब. आमच्याकडे खाली ठेवलेला चहा गार होत नाही."

साहेबांनी आधी गाव हलवायचा हुकूम दिला, मग बूट मागितले.