सतरा नंबरचा वेल्डर

घाटगे शेठच्या कारखान्यात प्रेशरच्या टाक्या बनत. प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी स्वतःचा नंबर ठोकायचा. सतरा नंबर धोंडीरामचा. गेल्या वर्षी टाकी फुटली आणि तो जागीच गेला. त्याच्या बायकोला, अनसूयेला, शेठनं कँटीनमध्ये चहाच्या कामाला ठेवलं.

यंदाचं ऑडिट तोंडावर आलं, तेव्हा कारकुनानं जोड-तपासणीच्या रजिस्टरातल्या जुन्याच नोंदी नव्या तारखा घालून उतरवल्या.

ऑडिटर सबनीस पानं उलटून खूश झाले. "हा सतरा नंबर बघा! कालपर्यंत एकही जोड नापास नाही."

"आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस," शेठ म्हणाले. नंबर कुणाचा, हे त्यांना आठवतही नव्हतं.

चहा ठेवायला आलेली अनसूया थबकली. "साहेब, यात लिहिलंय ते खरं धरायचं?"

"कागदावर असेल तेच खरं, बाई. सर्टिफिकेट त्यावरच मिळतं." सबनीसांनी सहीसाठी पेन उघडलं.

अनसूया शेठकडे वळली. "मग आज सुटी झाली की आमच्या ह्यांना घरी पाठवा, शेठ. मी त्यांना जाळून आले त्याला वर्ष झालं. पोरगी अजून दारात बसते."

सबनीसांनी पेन मिटलं. सही काही झाली नाही.