पहाऱ्यावरचा मासा

आधीच हात जोडून सांगतो, माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, सांभाळून घ्या. आणि ही गोष्ट सांगताना ‘मी’ लिहायला हात धजत नाही, म्हणून बिरूच लिहितो.

“ते असू दे. मासा काय म्हनतोय?”

मुजावर वस्तादांनी बिरूच्या हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वस्ताद आता नदीकाठच्या दर्ग्याची देखभाल करायचे. त्याआधी तीस वर्षं ते गावाच्या फिल्टर हाऊसवर होते. बिरूला तिथलं सगळं काम त्यांनीच शिकवलं. भेटल्यावर ते कधी ‘कसा आहेस’ म्हणाले नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला, मासा काय म्हणतोय.

नदीचं पाणी फिल्टर हाऊसमध्ये शिरतं तिथेच सिमेंटचा एक छोटा हौद आहे. पाणी त्यातून खेळतं आणि मगच पुढे तुरटी, वाळू, क्लोरीन. त्या हौदात एक रोहू सोडलेला असायचा. त्याचं काम एकच, जगणं. तो तडफडला किंवा उलटा झाला की आधी नदीचं गेट बंद करायचं, मग पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन. कुणाला विचारत बसायचं नाही.

वस्तादांनी पहिल्या दिवशी बिरूला हेच शिकवलं होतं. माशाला नाव मात्र ठेवू दिलं नव्हतं.

“नाव ठिवलं की माया लागती. माया लागली की खरं दिसत न्हाई.”

“बराय मासा,” बिरू म्हणाला. “वस्ताद, शुद्ध पाण्यात जिल्ह्यात पहिला नंबर आलाय आपला. साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. हा बघा फोटो.”

फोटोत बिरू नव्या पडद्यासमोर उभा होता, गळ्यात हार. त्या पडद्यावर आता पाण्याचे सगळे आकडे दिसतात. गढूळपणा किती, क्लोरीन किती. ठीक असलं की हिरवं, बिघडलं की लाल.

वस्तादांनी फोटो लांब धरून पाहिला.

“हार झेंडूचा?”

“गुलाबाचा, वस्ताद.”

“मग जपून ठिव.” त्यांनी काठी घेतली. “चल.”

“कुठं?”

“माशाला पेढा द्याया.”

“आत्ता? ऊन केवढंय. संध्याकाळी मी गाडीवर नेतो की तुम्हाला.”

“मी काय लोनी हाय, इतळाया?”

वाटेत बिरू दोन पावलं मागेच राहिला.

हौदाशी आल्यावर वस्ताद कठड्यावर बसले. खिशातून भाकरीचा तुकडा काढून चुरला आणि चिमूटभर पाण्यात टाकला.

मासा सरसर वर आला. एका दमात सगळं गिळून आणखी मागत राहिला.

वस्तादांचा दुसऱ्या चिमटीचा हात तसाच राहिला…

“ही चिलापी हाय.”

बिरूने पुडा या हातातून त्या हातात घेतला.

“गटारात सोडली तर तितं संसार मांडती ही. हिला कुनी ठिवलं पहाऱ्याला?”

वस्तादांनी उरलेला चुरा परत खिशात टाकला.

“रोहू कुटाय?”

“मेला.”

“कवा?”

“सोमवारी. बारा दिवस झाले. सकाळी आलो तर उलटा होऊन तरंगत होता.”

“आन् गेट?”

बिरूने खाली बघतच सगळं सांगितलं.

त्या सोमवारी अकरा वाजता तपासणीची माणसं यायची होती. गेट बंद केलं असतं तर चाळीस हजार माणसांचे नळ कोरडे, आणि पाहुण्यांसमोर बंद पडलेलं फिल्टर हाऊस. बिरूने पडद्याकडे पाहिलं होतं. सगळं हिरवं. मग त्याने रोहू गोणपाटात गुंडाळून जांभळाखाली पुरला आणि सायकल हाणत मच्छीबाजार गाठला. घमेल्यात जिवंत होत्या त्या फक्त चिलापी. त्यातली एक आणून त्याने हौदात सोडली.

तपासणीला आलेल्या बाई हौदात डोकावून म्हणाल्या होत्या, “अगंबाई, किती चपळ आहे हो!” आणि बिरू हसला होता. ते हसणं त्याला आता आठवलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं.

“पडदा हिरवा होता, वस्ताद. एक आकडा लाल नव्हता. आईची शपथ.”

“हिरवा हुता?”

“हिरवागार.”

“मग मासा पुरलास कशाला?”

बिरू कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडू लागला.

“पानी दे,” वस्ताद म्हणाले आणि उठून पडद्याच्या खोलीत आले. टेबलावर बिरूची बाटली होती. त्यांनी ती उचलून उजेडात धरली.

“हे कुटलं?”

“मळ्यातल्या विहिरीचं.”

“सा वर्सं हितलंच पीत हुतास. ह्ये कवापासनं?”

त्या सोमवारपासून. ते सांगायची गरज नव्हती.

वस्तादांनी बाटली जिथल्या तिथे ठेवली. दारापासून सहा पावलांवर शुद्ध पाण्याचा नळ. त्याला साखळीने बांधलेला पितळी पेला वस्तादांनीच कधीकाळी लावलेला. त्यांनी तो भरला आणि प्यायला. पुन्हा भरला, पुन्हा प्यायला. दाढी पुसली.

बिरूला ते बघवेना.

“गावात कुणाला काही झालं नाही, वस्ताद. मी दवाखान्यात विचारून आलो. दोनदा.”

“दोनदा,” वस्ताद म्हणाले.

तेवढंच. पण एकदा विचारून का भागलं नाही, हे त्या एका शब्दाने बिरूला विचारलं.

“मला शिक्षा करा. मारा पाहिजे तर.”

“मी कोन? मी पानी प्याया आलतो.”

“सांगितलं तर नोकरी जाईल. घरात कमावता मी एकटा. साहेबांचा नंबर जाईल. गाव तोंडावर थुंकेल, वस्ताद… सांगू कसं?”

वस्ताद खोलीबाहेर गेले. “पुरलास कुटं?”

बिरूने जांभळाखालची जागा दाखवली. माती अजून भुसभुशीत होती.

वस्तादांनी पुडा मागून घेतला. एक पेढा काढला, गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि त्या मातीवर ठेवला.

“पयला नंबर.”

मग काठी टेकत निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरूने आधी नदीचं गेट बंद केलं. हौदावर पहारा नव्हता, म्हणून. चिलापी बादलीत काढली. रोजच्या नोंदवहीत त्या सोमवारपुढे त्याच्याच अक्षरात ‘मासा ठीक’ होतं. ते खोडलं नाही. खाली लाल पेनाने लिहिलं, ‘मासा मेला होता. गेट बंद केलं नाही. दुसरा मासा आणून सोडला. बिरदेव हाके.’ आणि साहेबांना फोन लावला.

साहेब आले. त्यांनी वाचलं. मग पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि बिरूकडे न बघता म्हणाले, “चौकशी होईपर्यंत पडद्याला हात लावायचा नाही.”

त्या सोमवारी नदीतून काय आलं होतं ते कुणाला कळलं नाही. आता कळणारही नाही. ते नदीबरोबर गेलं, आणि काही गावाच्या पोटात गेलं असेल.

बिरू सायकलला कॅन बांधून मत्स्यबीज केंद्रावर निघाला. नळाच्या रांगेतून एक बाई कळशी आपटत ओरडली, “काय रं, नंबर एक! पानी कुटाय?” रांग हसली. बिरू थांबला. सायकल स्टँडला लावली आणि मासा मेल्यापासूनचं सगळं त्या रांगेसमोर उभं राहून सांगितलं. आता कुणी हसलं नाही. एका म्हातारीने लेकीच्या कडेवरचं पोर आपल्याकडे ओढून घेतलं, तेवढंच.

दुपार व्हायच्या आत हौदात दोन रोहू होते. साहेबांनी स्वतः बघितलं, घटकाभर थांबले आणि मग गेट उघडायला सांगितलं.

घरी परतताना बिरू दर्ग्यावर आला. वस्ताद माठ भरत होते. गावाच्याच नळाला नुकतंच पाणी आलं होतं.

“मासा काय म्हनतोय?”

“नवे आहेत. अजून बुजतात,” बिरू म्हणाला.

वस्तादांनी माठातलं पाणी काढून पेला पुढे केला. बिरूने तो दोन्ही हातांनी धरला. ओठाला लावला. जेमतेम ओठ भिजले.

“मोठा घोट घे. गाव बारा दिस पितंय.”