ओल्या काडेपेटीचा पहिला चाहता

"पण बाबा, त्यांना शोधून काढलं ते मीच ना?"

"का? हरवले होते?"

समीरण कुडचीकरनं मान खाजवली.

मिरजेच्या जुन्या बाजाराच्या वाटेवर, एका दर्ग्याच्या आवारात चाँदबाबा फकीर लसूण सोलत बसले होते. बाजारातले दुकानदार म्हणत, या माणसाकडं प्रश्न खुशाल न्यावा; पण नेला तसाच परत मिळेल, या भरवशावर राहू नये. समीरणचं मोटारपंपांचं दुकान त्याच वाटेवर होतं. आज तो शटर अर्धं ओढून आला होता.

"हरवले नव्हते," तो म्हणाला. "पण ओळखत कोण होतं? शिलाँगची चार पोरं. रॉक वाजवतात. बँडचं नाव 'वेट मॅचबॉक्स'. म्हणजे ओली काडेपेटी."

"मग पेटते कशी?"

"तीच तर गंमत आहे बाबा!" समीरणचा चेहरा उजळला. "मला सापडले तेव्हा त्यांना इकडं कुत्रं विचारत नव्हतं. मी गावभर सांगत सुटलो. लोक हसायचे मला."

"समोर बसून ऐकलंस कधी?"

"नाही."

पहिल्यांदा बेंगळुरूला निघाला, तर ताप भरला. दुसऱ्यांदा नेमकी मामेबहिणीची हळद. तिसऱ्यांदा मात्र गडी पुण्यात मैदानाच्या फाटकापर्यंत पोचला. तिथं बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायला होते. आपण पहिले चाहते, आणि अंगात साधा चौकड्याचा शर्ट? राहिला रांगेत उभा. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. टी-शर्ट अंगात चढवून आत शिरला, तेव्हा पोरं गिटारी पेटीत भरत होती.

बाबा इतके हसले, की सुपातली सालं उडाली.

"हसा बाबा, हसा. आता रविवारी पुण्यात त्यांचा शेवटचा कार्यक्रम आहे. मग बँड मोडणार. या खेपेला तिकीट आहे माझ्याकडं."

"मग अडलंय कुठं?"

"गर्दीत अडलंय! कुठल्याशा जाहिरातीत त्यांचं एक गाणं वाजलं, आणि आता अख्खी कॉलेजं निघालीत. यांना येतं एकच गाणं, तेही अर्धं. चुकीचे शब्द किंचाळणार. त्यांच्या घोळक्यात मी उभा राहू? एक दोस्त तिकीट मागतोय. आत्ता फोन येईल त्याचा. देऊन टाकू?"

"ते गाणं लाव."

समीरणनं मोबाइल कट्ट्यावर ठेवला आणि गाणं लावलं. गिटार आधी दबकत आली, मग ढोल कोसळले.

शेजारी गंगव्वा फुलवाली हार ओवत होती. तिचा सुईचा हात थांबला. मान डुलली. दुसऱ्यांदा धृपद आलं तशी ती मोठ्यांदा गायलाच लागली.

"सये गं सये, येऊ नगं सये..."

समीरणनं कानांवर हात ठेवले. "मावशी, तसं नाहीये ते! इंग्रजी आहे!"

"असू दे की रं! परत लाव."

बाबा लसूण बाजूला ठेवून समीरणकडं वळले. "तू हे पहिल्यांदा ऐकलंस, तो दिवस सांग."

समीरणला आठवावं लागलं. इचलकरंजीचं होस्टेल. गच्ची. तारेवर वाळत घातलेले कपडे. कानात हेच गाणं, आणि हातातली बादली त्यानं ढोलासारखी बडवली होती. इतका ओरडला होता, की रेक्टर जिना चढून वर आले होते.

"शब्द बरोबर होते?"

"कुठले बरोबर?" समीरणला हसू फुटलं. "चांगलं वर्षभर भलतंच काहीतरी म्हणत होतो."

"कसा दिसत होतास तेव्हा?"

"मला काय ठाऊक, बाबा? मी कुठं बघितलं मला?"

"हं..."

मोबाइल वाजला. दोस्ताचा फोन. समीरणनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी हात लांबवून मोबाइल पालथा घातला.

"रविवारी जा. सगळ्यात मागं उभा राहा," ते म्हणाले. "पुढं जो कुणी चुकीचे शब्द ओरडत असेल, त्याला माझा सलाम सांग."