भिंतीतली वायर

घरांत विजेचे दिवे नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. दिवेलागणीला बटण दाबलं की रेवतीकाकू दिव्याला हात जोडायच्या. भिंतीतल्या वायरीच्या पोटात दुखायचं. ‘वीज आणते मी आणि नमस्कार याला!’

पुढे तो दिवा बिघडला. काकूंनी मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढून नवा, पितळी दांडीचा दिवा वायरीला जोडला. तो देखणा दिवा पाहून वायरीचा जळफळाट झाला.

दिवा म्हणाला, “ताई, घट्ट धर हं मला. तुझ्याशिवाय मी नुसती काच.”

“आणि हात जोडले की माझं नाव सांगशील?” असं म्हणत वायरीनं स्क्रूखालून हळूच अंग काढून घेतलं.

संध्याकाळी बटण दाबलं, तर अंधार. काकूंनी स्क्रू पुन्हा कसला; वायर पुन्हा निसटली. शेवटी काकांनी तो दिवा स्वयंपाकघरात लावून पाहिला. लख्ख उजेड पडला.

“दिवा चांगलाय गं,” काका म्हणाले, “वायरच वाईट आहे. काढून टाकू.”

नव्या वायरीवर दिवा लागला आणि काकूंनी हात जोडले. जुनी वायर आता अंगणात दोन खांबांना बांधलेली असते, साऱ्या आळीला दिसते, काकांचे ओले पंचे अंगावर घेऊन.